गाडीसाठी वेगळा मीटर घेण्यापूर्वी

आपण लिहिले आहे की कोल्हापुरातील आर. के. नगरमधील घरावर ३ किलोवॉटचे सोलर बसलेले आहे, इलेक्ट्रिक गाडी पुढील महिन्यात ताब्यात मिळणार आहे आणि वीज कार्यालयात ‘गाडीसाठी वेगळा मीटर घ्यावाच लागेल’ असे सांगण्यात आले. नेमके हेच मलाही सांगण्यात आले होते आणि ते निस्तरण्यात जवळपास वर्ष गेले, म्हणून सविस्तर लिहितो. सबसिडी, नेट मीटर (सोलरने बाहेर दिलेली आणि बाहेरून घेतलेली वीज मोजून वजाबाकी करणारा मीटर) वगैरे आपल्याला ठाऊक आहेच.

स्वतःच्या घरी स्वतःची गाडी चार्ज करण्यासाठी वेगळी जोडणी सक्तीची नाही. वीज नियामक आयोगाच्या दर आदेशानुसार अशा चार्जिंगला त्या जागेच्या जोडणीचाच, म्हणजे घरगुती दर लागू होतो. तरीही गाडीसाठी घरच्याच जोडणीचा मंजूर लोड, म्हणजे एका वेळी वीज वापरण्याची ठरलेली मर्यादा, वाढवण्याचा माझा अर्ज टेबलावरूनच परत करण्यात आला. नियम लेखी द्या म्हटले, तर लेखी द्यायलाही कोणी तयार होईना. शेवटी गाडी दारात उभी राहिली आणि वेगळा मीटर घ्यावा लागला. साध्या नेट मीटरिंगमध्ये एका मीटरवरची युनिट्स दुसऱ्या मीटरकडे वळती होत नाहीत. त्यामुळे सोलरची शिल्लक घरच्या खात्यात साचत गेली आणि गाडीच्या मीटरचे बिल मात्र स्थिर आकारासह दरमहा पूर्ण भरावे लागले. ३१ मार्चला उरलेली युनिट्स विकत घेतली जातात, पण आपण ज्या दराने वीज घेतो त्यापेक्षा तो दर बराच कमी असतो. आपल्याच छतावरची वीज स्वस्तात देऊन तीच महागात विकत घ्यायची, याचा मला आजही संताप येतो.

गाडीमुळे घरचे बिल वरच्या स्लॅबमध्ये जाईल, अशी भीतीही आपल्याला घातली जाईल. नेट मीटर असेल तर आकारणी वजाबाकीनंतर उरलेल्या युनिट्सवर होते. ३ किलोवॉटमधून वर्षाच्या सरासरीने दिवसाला १२ युनिट्सच्या आसपास मिळतात, आपल्याकडच्या पावसाळ्यात मात्र खूपच कमी. मध्यम आकाराची गाडी एका युनिटमध्ये ६ ते ७ किलोमीटर जाते असे धरले, तर महिन्याच्या १००० किलोमीटरसाठी चार्जिंगमधील घट धरून १७० ते १८० युनिट्स लागतील. उरलेल्यात घर भागते का, ते आपल्या जुन्या बिलांवरून पाहावे.

माझे स्पष्ट मत असे, की लोडवाढीचा अर्ज ऑनलाइन करावा किंवा आवक शाखेत देऊन शिक्क्यासह पोच घ्यावी. तोंडी नकारावर मुळीच परत फिरू नये. तरीही दाद मिळाली नाही तर वीज ग्राहकांसाठीचा तक्रार निवारण मंच आहे आणि तिथे ती पोचच कामी येते. नियम बदलत असतात, तेव्हा अर्जापूर्वी ताजा दर आदेश वाचून घ्यावा.

मी वीज कंत्राटदार नाही, त्यामुळे वायरिंगचा निर्णय परवानाधारक माणसावरच सोपवावा. तरी ७.२ किलोवॉटच्या चार्जरचा आग्रह धरू नये, असे मला वाटते. १५ अँपिअरच्या स्वतंत्र पॉइंटवर रात्रभरात २५ युनिट्स सहज भरली जातात आणि रोजच्या शहरातल्या फिरण्याला ती पुरून उरतात. मात्र त्या पॉइंटला मीटरपासून स्वतंत्र तांब्याची वायर, आरसीसीबी (वीजगळती होताच पुरवठा तोडणारा स्विच) आणि चांगले अर्थिंग हवेच. गीझरच्या लाइनवरून जोड काढू देऊ नये. घर पंचगंगेच्या पूरपट्ट्यात असेल तर २०१९ आणि २०२१ साली पाणी कुठवर आले होते ते पाहून पॉइंट त्याच्या वर घ्यावा. वळवाच्या पावसात वीज गेली की बॅटरी नसलेले सोलरही बंद पडते, हे घरच्यांना आधीच सांगून ठेवावे.

साखर कारखान्यांचा गळीत हंगाम सुरू झाला की पॅनेलवर काळी काजळी बसते. दव पडले की ती खालच्या कडेला चिकट पट्ट्यासारखी साचते आणि नुसत्या पाण्याच्या फवाऱ्याने निघत नाही. सकाळी पॅनेल थंड असतानाच मऊ फडक्याने पुसावी. बोअरचे पाणी वापरल्यास क्षारांचे पांढरे डाग राहतात, म्हणून नळाचे पाणी वापरावे.