ऑप्टिसिस्टीममध्ये (प्रकाशीय जोडण्यांचं सिम्युलेशन करणारं सॉफ्टवेअर) लेसरचं आउटपुट डिले लावून परत लेसरकडे वळवलं, तरी केऑस (पॉवरचे अनियमित चढउतार) येत नाही. काय चुकतंय?

जोडणीत चूक नाही, साधन चुकतंय. ऑप्टिसिस्टीम सहसा एका घटकाची अख्खी टाइम विंडो (सिम्युलेशनचा पूर्ण कालावधी) मोजून मगच पुढच्याला देतं. केऑससाठी प्रत्येक पावलाला τ (प्रकाशाला परत यायला लागणारा वेळ) इतक्या वेळापूर्वीचं फील्ड आत मिसळावं लागतं. इटरेशन्स वाढवून ते होत नाही.

लेसरचा घटक काढा, मॅटलॅब कंपोनंट ठेवा आणि त्यात लँग-कोबायाशी समीकरणं (१९८०; परतणारा प्रकाश धरून लेसरचं वर्तन सांगणारी) सोडवा. बिट रेट १० जीबीपीएस, १०२४ बिट, बिटमागे ६४ सॅम्पल घेतले की पाऊल १.५६२५ पिकोसेकंद होतं. प्रकाश परत पाठवणारा आरसा लेसरपासून १५ सेंमीवर आहे असं धरलं तर τ = १ नॅनोसेकंद, म्हणजे नेमकी ६४० पावलं. हा भागाकार पूर्णांकातच यायला हवा. समीकरणं पावलागणिक सोडवणाऱ्या रुंगे-कुट्टा ४ पद्धतीला अर्ध्या पावलावरचं जुनं फील्डही लागतं, ते शेजारच्या दोन सॅम्पलमधून इंटरपोलेट करा (मधली किंमत काढा).

सुरुवातीला हे आकडे घ्या: α (कॅरिअर बदलले की फेज किती बदलते ते सांगणारा आकडा) = ३, फोटॉन आयुष्य १.९ पिकोसेकंद, कॅरिअर (लेसरमधले इलेक्ट्रॉन) आयुष्य २ नॅनोसेकंद, करंट थ्रेशोल्डच्या (लेसर पेटायला लागणाऱ्या किमान करंटच्या) १.३ पट, फीडबॅक दर κ (परत येणाऱ्या प्रकाशाचा जोर) सुमारे ३ प्रति नॅनोसेकंद. κ ०.१ पासून वाढवत न्या आणि प्रत्येक वेळी पॉवरची शिखरं आलेखावर मांडा. फीडबॅकची फेज स्वतंत्र पॅरामीटर ठेवा. १५५० नॅनोमीटरला आरसा ७७५ नॅनोमीटर सरकला की फेज पूर्ण फिरते, त्यामुळे ती लांबीवरून काढत बसू नका.

हमखास होणारी चूक म्हणजे सुरुवातीचं फील्ड शून्य देणं. नॉइज टर्म नसेल तर ते शून्यच राहतं आणि लेसर पेटतच नाही. छोटं बी टाका, ३०० नॅनोसेकंद चालवा, शेवटचे १०२.४ नॅनोसेकंद (१०२४ बिटांची विंडो) तेवढे बाहेर द्या. शिवाय समीकरणातलं |E|² ही फोटॉन घनता असते. वॉटमध्ये न बदलता पुढे दिलीत, तर फोटोडिटेक्टर भलतेच आकडे दाखवेल.

आता हा केऑस आहे की गणिताचा कचरा? κ = ० केल्यावर पॉवर सपाट व्हायला हवी. मग पाऊल निम्मं करा. वेव्हफॉर्म जुळणार नाही, पण पॉवरचा हिस्टोग्राम आणि आरएफ स्पेक्ट्रम (चढउतारांमधल्या फ्रिक्वेन्सी) जुळायला हवेत. तेही बदलले तर पाऊल मोठं आहे.