चितकबऱ्या मनीप्लांटची निगा

पानाच्या पांढऱ्या भागात हरितद्रव्य जवळजवळ नसते, त्यामुळे अन्न तयार करण्याचा सारा भार हिरव्या भागावर पडतो आणि असा वेल साध्या मनीप्लांटपेक्षा सावकाश वाढतो. खत वाढवून घाई करू नये. कुंडी भरपूर उजेडात, पण दुपारच्या थेट उन्हापासून दूर ठेवावी, कारण पांढरा भाग आधी करपतो.

एखादी फांदी सलग निव्वळ हिरवी पाने देऊ लागली, तर ती चितकबऱ्या पानापर्यंत मागे छाटावी. हात धजावत नाही हे खरे, पण तीच जोमाने वाढून उरलेल्या वेलावर कुरघोडी करते. छाटण्यापूर्वी खोड नीट न्याहाळावे: जेथे पांढरी रेघ स्पष्ट दिसते, तेथील डोळ्यातून रंगीत पान फुटण्याची शक्यता अधिक असते. पाणी मात्र वरची माती बोटाला कोरडी लागल्यावरच द्यावे.