कॅश क्लायंटला ट्रेसिंग जोडताय? आधी एवढंच करा

रेडिसच्या (डेटा मेमरीत ठेवणारी कॅश) क्लायंट लायब्ररीला ट्रेसिंग, म्हणजे रिक्वेस्टचा प्रवास टप्प्याटप्प्याने नोंदवणं, जोडायला घेतलंत, छान! पण पहिल्याच दिवशी सगळ्या कमांडना हात लावू नका. गेट (वाचणं) आणि सेट (लिहिणं), दोनच घ्या. त्यांचे स्पॅन, म्हणजे ट्रेसमधल्या एकेका कामाच्या वेळेसकट नोंदी, नीट दिसेपर्यंत पुढे जाऊ नका.

लायब्ररीत ओपनटेलिमेट्रीचा (ट्रेसिंगसाठीचं खुलं साधन) फक्त एपीआय (नोंदी करायची फंक्शन्स) वापरा, एसडीके (त्या नोंदी गोळा करून पाठवणारा भाग) नको. डेटा कुठे पाठवायचा हे ॲप लिहिणारा ठरवेल. त्याने काहीच लावलं नाही, तरी तुमच्या कोडचं काही अडत नाही.

सुरुवातीला हमखास होणाऱ्या चुका:

- स्पॅनच्या नावात 'की' (कॅशमध्ये डेटा ज्या नावाने ठेवतात ते) घालणं. नाव 'गेट' एवढंच ठेवा. 'गेट युजर:48213' केलंत की दर युजरमागे नवं नाव तयार होतं आणि गेटला एकूण किती वेळ लागतो हे एकत्र मोजताच येत नाही.
- कॅशमधली व्हॅल्यू स्पॅनच्या ॲट्रिब्यूटमध्ये (त्याला जोडलेल्या जादा माहितीत) टाकणं. अंधेरीच्या जुन्या ऑफिसात मी हेच केलं होतं. ग्राहकांचे मोबाइल नंबर ट्रेसमध्ये उघडे पडले, शेवटची लोकल गेली तरी आम्ही ते पुसत बसलो होतो. हे अजिबात करू नका.
- मिसला एरर म्हणणं. की न सापडणं हे कॅशचं रोजचंच. टाइमआउट, तुटलेलं कनेक्शन, या खऱ्या एरर.
- एक्सेप्शन आल्यावर स्पॅन उघडाच राहणं. तो फायनलीमध्येच (एरर आली तरी चालणाऱ्या ब्लॉकमध्ये) बंद करा.

पाइपलाइन, क्लस्टर, सॅम्पलिंग आत्ता नकोच. आज फक्त एक बघा: तुमचा स्पॅन वेब रिक्वेस्टच्या स्पॅनखाली दिसतोय, की वेगळाच ट्रेस होऊन बसलाय? वेगळा असेल तर कॉन्टेक्स्ट (सध्या कोणता स्पॅन चालू आहे ही माहिती) वाटेत हरवलाय, बहुधा नवा थ्रेड किंवा कॉलबॅक सुरू होतो तिथेच. अडलात तर तेवढा कोड पाठवा, मी बघतो.