मुलीला लेझरच्या लॅबमध्ये जायचंय, जाऊ द्यावं का?

पत्र: माझं शिरोली एमआयडीसीत छोटं मशीन शॉप आहे. मुलगी टी.वाय.बी.एस्सी.ला, फिजिक्स घेऊन. गुण चांगले आहेत. धातूच्या पातळ थरातले इलेक्ट्रॉन लेझरने कसे तापतात आणि किती वेळात निवतात, यावर तिला पीएचडी करायची आहे. आम्हाला वाटतं, बी.एड. करावं किंवा बँकेच्या परीक्षा द्याव्यात. इतक्या बारीक विषयात पोट भरेल का? आणि शिकता शिकता तिशी आली तर लग्नाचं काय?
– एक वडील, कोल्हापूर

नमस्कार,

तुम्ही मशीन शॉप चालवता, म्हणून तिचा विषय तुमच्याच मापात सांगते. तुम्ही जॉबचं माप मायक्रॉनमध्ये धरता. या प्रयोगात वेळसुद्धा मायक्रॉनमध्येच धरतात. लेझरच्या एका झोताचे दोन भाग करतात. जोरकस भाग, म्हणजे पंप, सोन्याच्या वीसेक नॅनोमीटर जाडीच्या थरावर पडून इलेक्ट्रॉन तापवतो. मंद भाग, म्हणजे प्रोब, किंचित मागून येतो आणि थर किती प्रकाश परतवतो ते टिपतो. हे ‘किंचित मागून’ साधण्याइतकं चपळ घड्याळ कुठेच नाही. म्हणून प्रोबच्या वाटेतले आरसे सरकत्या स्टेजवर बसवतात. स्टेज 15 मायक्रॉन मागे घेतली की जाऊन-येऊन प्रकाशाची वाट 30 मायक्रॉनने वाढते आणि प्रोब 100 फेमटोसेकंद उशिरा पोचतो. सेकंदाच्या अब्जाव्या भागाचेही दहा लाख तुकडे केले, तर त्यातला एक म्हणजे फेमटोसेकंद.

झोत पडताच इलेक्ट्रॉन एकदम तापतात, धातूचे अणू मात्र जवळपास थंडच राहतात. सोन्यात इलेक्ट्रॉन काहीशे फेमटोसेकंद आपापसांत टकरा घेत एका तापमानाला येतात आणि पुढच्या पिकोसेकंदभरात (हजार फेमटोसेकंदांत), कधी थोड्या जास्त वेळात, ती उष्णता अणूंना देऊन टाकतात. थर पातळच का, हे तिला जरूर विचारा. जाड धातूत तापलेले इलेक्ट्रॉन उष्णता घेऊन आत पळतात. मग पृष्ठभाग निवला तो अणूंनी उष्णता घेतल्यामुळे की ती आत निघून गेल्यामुळे, हे वेगळं काढणं अवघड होतं. ही पळापळ 1987 मध्ये एमआयटीच्या संशोधकांनी सोन्याच्या थरांवर मोजून दाखवली होती.

आता पोटाचं. या विषयाच्या नावाने नोकरीची जाहिरात निघत नाही आणि प्राध्यापकाच्या कायम जागा थोड्या आहेत. फक्त त्याच जागेवर नजर ठेवून जाणार असेल तर मी तिला थांबवेन. पण ती तिथे शिकणार काय? परतलेल्या प्रकाशात फरक पडतो तो दहा हजारांत एक भाग, कित्येकदा त्याहूनही कमी. झोत ठरावीक तालात तोडणारा चॉपर आणि फक्त त्याच तालाचा सिग्नल उचलणारा लॉक-इन अॅम्प्लिफायर लावून तो गोंगाटातून वेगळा काढायचा, व्हॅक्यूममध्ये थर चढवायचा, झोत तासन्‌तास जुळवत बसायचं, आकडे प्रोग्रॅम लिहून तपासायचे. चिपमधले पातळ थर उष्णता कशी वाहून नेतात हे याच पंप-प्रोब पद्धतीने मोजतात. डोळ्यांच्या शस्त्रक्रियेत आणि काच कापायलाही फेमटोसेकंद लेझर वापरतात. असे हात तयार असलेली माणसं उद्योगाला लागतात.

पैशाचंही ऐका. नेट ही राष्ट्रीय पात्रता परीक्षा होऊन जेआरएफ, म्हणजे संशोधनाची फेलोशिप, मिळाली तर पहिली दोन वर्षं महिना 37,000 आणि पुढे 42,000 रुपये मिळतात, घरभाडं वेगळं. ती तुमच्यावर ओझं होणार नाही.

लग्न कधी करायचं ते तिला ठरवू द्या. पीएचडी करता करता लग्न झालेल्या मुली मी पाहते, काम थांबत नाही. तिच्याच क्षेत्रातल्या डोना स्ट्रिकलंड यांनी 1985 मध्ये लेझरचे झोत ताकदवान करण्याची युक्ती शोधली ती पीएचडीची विद्यार्थिनी असताना. त्याच कामाला 2018 चं नोबेल मिळालं. बी.एड. काय, पुढेही करता येईल.

या वर्षी तिने जॅम, म्हणजे आयआयटीसारख्या संस्थांत एम.एस्सी.ला जाण्याची प्रवेश परीक्षा, द्यावी. फॉर्म साधारण सप्टेंबरमध्ये निघतात, परीक्षा फेब्रुवारीत. टीआयएफआरची, म्हणजे मुंबईतल्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेची, स्वतःची प्रवेश परीक्षा आहे, तीही द्यावी. तिच्या कुलाब्याच्या आवारात अतिशय तीव्र, अतिलघु लेझर झोतांवर मोठं काम चालतं, इंदूरचं आरआरकॅट (राजा रामण्णा प्रगत तंत्रज्ञान केंद्र) तर लेझरसाठीच ओळखलं जातं. यातलं काही जमलं नाही तर वर्ष वाया घालवू नका. शिवाजी विद्यापीठाच्या भौतिकशास्त्र विभागाचं थिन फिल्ममध्ये, म्हणजे अशाच पातळ थरांच्या कामात, नाव आहे. तिथे एम.एस्सी.ला थर बनवण्याचा प्रोजेक्ट घ्यावा आणि सोबत नेटची तयारी ठेवावी. चांगला थर बनवता येणारा विद्यार्थी लेझरच्या लॅबला हवाच असतो.

पीएचडीसाठी लॅब निवडताना मात्र फक्त प्राध्यापकांशी बोलून होकार देऊ नये. तिथल्या सध्याच्या दोन विद्यार्थ्यांना गाठून विचारावं: लेझर वर्षातून किती महिने बंद असतो, दुरुस्ती कोण करतं, मागच्या विद्यार्थ्यांना पीएचडीला किती वर्षं लागली, आणि टेबलाशी सगळे गॉगल लावतात का. यातले बरेच लेझर 800 नॅनोमीटरच्या आसपास चालतात. तो प्रकाश डोळ्यांना जेमतेम दिसतो, पण डोळा कायमचा जाऊ शकतो. गॉगलच्या प्रश्नावर कोणी हसलं, तर ती लॅब घेऊ नये.