उत्तर: ‘डिस्चार्ज समरी चॅटबॉटकडून करून घेणं चालू ठेवू का?’

डॉक्टर, तुमची पोस्ट शेवटच्या परिच्छेदापर्यंत आली आणि माझ्या पोटात गोळा आला. तालुक्याच्या गावी पंधरा खाटांचं हॉस्पिटल, रात्री साडेदहापर्यंत कागद, म्हणून दोन महिन्यांपासून डिस्चार्ज समरी (रुग्ण घरी जाताना द्यायचा आजार-उपचारांचा गोषवारा) चॅटबॉटकडून, आणि आता टीपीएची, म्हणजे विमा कंपनीच्या वतीनं क्लेम तपासणाऱ्या कंपनीची, क्वेरी: ‘रक्तदाब नेमका कधीपासून?’ तुम्ही मुख्यतः दोन गोष्टी विचारल्यात. चॅटबॉट चालू ठेवू का, आणि या क्वेरीचं उत्तरही त्याच्याकडूनच लिहून घेऊ का. दुसऱ्याचं उत्तर आधी देतो: नका घेऊ. मी नेमकं तेच केलं आणि चार महिने निस्तरत बसलो.

अकाउंट कसं काढायचं, त्याला काय सांगायचं, हे तुम्हाला येतंच, त्यात शिरत नाही.

माझी केस अशी. एसटीतून निवृत्त झालेले गृहस्थ, अर्धांगवायूचा सौम्य झटका, पाच दिवस ॲडमिट, चालत घरी गेले. केसपेपरवर मी लिहिलं होतं, ‘एचटीएन ५/१२’, एचटीएन म्हणजे उच्च रक्तदाब. आमच्या वेळी सरांनी लावलेली सवय: ३/७ म्हणजे तीन दिवस, २/५२ म्हणजे दोन आठवडे, ५/१२ म्हणजे पाच महिने. केसपेपरचा फोटो काढून चॅटबॉटला दिला (नावासकट! तेव्हा नाव झाकायची अक्कल नव्हती) आणि त्यानं सुंदर इंग्रजीत समरी करून दिली. त्यात वाक्य होतं, रुग्णाला गेली पाच वर्षं उच्च रक्तदाब असून नियमित उपचार सुरू आहेत. बाहेर ओपीडीत तीसेक माणसं बसलेली. मी निदान वाचलं, औषधं वाचली, सही केली. ते वाक्य वाचलंच नाही असं नाही, डोळ्यांखालून गेलं. इतकं नीटनेटकं होतं की खटकलंच नाही.

पॉलिसी अडीच वर्षांची. म्हणजे पाच महिन्यांचा रक्तदाब पॉलिसीनंतरचा, आणि पाच वर्षांचा असेल तर तो आधीचा आणि लपवलेला. एप्रिल २०२४ पासूनच्या नियमानुसार पॉलिसी सलग ६० महिने चालू राहिली की फसवणूक सोडून या मुद्द्यावर क्लेम नाकारता येत नाही, पण यांचे ६० व्हायला बराच अवकाश होता. कॅशलेस (विमा कंपनीनं बिल थेट हॉस्पिटलला देणं) नाकारलं. जावयाकडून उसने घेऊन अडुसष्ट हजार भरले त्या माणसानं, माझ्या काउंटरवर. मी समोरच होतो.

आता दुसरी चूक, जी मला पहिलीपेक्षा जास्त महागात पडली. क्वेरी आल्यावर मी घाईत पुन्हा चॅटबॉटलाच म्हटलं, खुलाशाचं पत्र लिही. पत्र फार नम्र होतं. अनवधानानं झालेल्या त्रुटीबद्दल दिलगिरी वगैरे. आणि मध्येच त्यानं पदरचं एक वाक्य घातलं: सदर माहिती नातेवाइकांनी तोंडी सांगितल्यानुसार नोंदवली गेली होती. मी असं काही सांगितलंच नव्हतं. पत्र गुळगुळीत व्हावं म्हणून त्यानं कारण घडवलं. टीपीएच्या कार्यालयानं ते वाक्य उचललं आणि कळवलं की, म्हणजे नातेवाइकांनीच पाच वर्षं सांगितली होती ना? झालं. माझ्याच लेटरहेडवर, माझ्याच सहीनं.

त्यानंतरचं काही विचारू नका. सुधारित समरी पाठवली तर ‘क्वेरीनंतर बदललेला कागद ग्राह्य नाही’. मूळ केसपेपर पाठवला तर ‘अक्षर वाचता येत नाही, टाइप करून पाठवा’. टाइप करून पाठवला तर ‘मूळ प्रत हवी’. फोन केला की दर वेळी नवीन माणूस, त्याला पहिल्यापासून सगळं सांगायचं, आणि शेवटी ‘सर, केस रिव्ह्यूला आहे’. एकदा तर मलाच विचारलं की ५/१२ म्हणजे पाच महिने याचा पुरावा काय! नाव घेत नाही, घेऊन उपयोगही नाही.

शेवटी कामाला आल्या तीन जुन्या गोष्टी. माझ्या ओपीडीच्या वहीतली पाच महिन्यांपूर्वीची नोंद, ज्यात रक्तदाब पहिल्यांदा १६०/१०० सापडला होता. त्याच दिवशीची चिठ्ठी, पहिल्या गोळीची. आणि गोळी घेतलेल्या मेडिकलचं तारखेचं बिल, जे त्यांच्या मिसेसनी पिशवीत जपून ठेवलं होतं. सोबत मी स्वतःच्या हातानं सहा ओळी लिहिल्या, ना दिलगिरी ना अलंकार: समरीत चूक झाली, ती माझी, मूळ नोंद ही, तिचा अर्थ हा. रुग्णानं विमा कंपनीच्या तक्रार विभागाकडे आणि मग विमा लोकपालांकडे अर्ज केला (फी लागत नाही, वकीलही लागत नाही, हे रुग्णांना सांगत जा). सुनावणीआधीच पैसे मंजूर झाल्याचं पत्र आलं. मी विम्यातला जाणकार नाही, तुमची केस वेगळी असू शकते, तेवढं लक्षात ठेवून वाचा.

मग चॅटबॉट सोडला का? नाही. पण आता कच्चा केसपेपर देत नाही. ‘पाच महिने’ हे शब्दांत लिहून देतो. आपली सगळी लघुरूपं त्याला आपल्यासारखी कळतात असं समजू नका. आपल्याकडे ‘ओडी’ म्हणजे दिवसातून एकदा, डोळ्यांच्या डॉक्टरांकडे तेच उजवा डोळा, आणि परदेशी मजकुरात ते ओव्हरडोसही असतं. आणि रिकामी जागा भरायची त्याला फार हौस. ‘औषधाची ॲलर्जी नाही’, ‘नातेवाइकांना धोके समजावून सांगितले’ ही वाक्यं तुम्ही न विचारता न सांगता समरीत येऊन बसतात. मी स्पष्ट सांगतो, जे दिलं नाही तिथे ‘नोंद नाही’ लिही. तरी अधूनमधून घालतोच. म्हणून प्रत्येक आकडा आणि प्रत्येक ‘नाही’ यावर बोट ठेवून केसपेपरशी ताडतो. तरी रोजचा अर्धा-पाऊण तास वाचतो.

मृत्यूचा दाखला, एमएलसी (पोलिसांना कळवायच्या केसचे कागद), आणि सोनोग्राफीवाले असाल तर एफ फॉर्म (गरोदर बाईच्या सोनोग्राफीची नोंद), यांना त्याचा हात लावू देऊ नका. पीसीपीएनडीटीत, म्हणजे गर्भलिंगनिदानाविरुद्धच्या कायद्यात, कागदातली उणीव हाच गुन्हा धरतात, सर्वोच्च न्यायालयानं २०१९ मध्ये ते कायम केलंय. तिथे ‘सॉफ्टवेअरनं लिहिलं’ असं कुणाला सांगणार?

रुग्णांना पाठवायच्या मेसेजचं विचारलंत म्हणून थोडं अवांतर. चॅटबॉटच्या कौतुकात २०२३ चा तो अमेरिकी अभ्यास लोक सारखे फेकतात, रुग्णांचे १९५ प्रश्न, चॅटबॉटची उत्तरं डॉक्टरांपेक्षा जास्त सहृदय वगैरे. गुण देणारे आरोग्य क्षेत्रातलेच होते, रुग्ण नव्हते, हे कुणी सांगत नाही. शिवाय त्याचं मराठी! ‘मलावरोध टाळण्यासाठी तंतुमय आहार घ्यावा.’ आमच्या वॉर्डातल्या मावशींना वाचायला दिलं, त्या म्हणाल्या, हे काय सरकारी आहे का? आता मसुदा आला की मावशींना वाचून दाखवतो. ‘संडासला कडक होऊ नये म्हणून पालेभाजी, भरपूर पाणी’ असं त्याच सुधारतात. औषधाचं १-०-१ (सकाळी एक, दुपारी नाही, रात्री एक) आहे तसंच ठेवा, ‘दर बारा तासांनी’ करू देऊ नका, लोक घड्याळ बघत बसतात. आणि रुग्णाला परस्पर उत्तर देणारं यंत्र नंबरवर जोडून ठेवायचं मनात असेल तर काढून टाका. २०२० च्या टेलिमेडिसिनच्या मार्गदर्शक सूचनांत साफ लिहिलंय, यंत्र डॉक्टरला मदत करू शकतं, रुग्णाला सल्ला किंवा औषध देऊ शकत नाही.

तुमच्या क्वेरीचं म्हणाल तर आज समरी बाजूला ठेवा आणि मूळ केसपेपर उघडा. तिथे खरंच वर्षं लिहिली असतील तर वर्षंच कळवा, रुग्णाच्या भल्यासाठीही फिरवाफिरवी नको. महिने असतील तर पहिली नोंद शोधा. इनडोअरचे कागद तीन वर्षं ठेवायचा नियम आहे म्हणून ते असतीलच. ओपीडीच्या जुन्या वह्या तेवढ्या दिवाळीच्या आवराआवरीत रद्दीत गेल्या नाहीत ना, ते आधी बघा.