बाथरूम फोडून बसलोय आणि टाइल्स अजून तीन आठवडे येणार नाहीत. दुसऱ्या घेऊ का? तोपर्यंत काय करू?

तुमचा प्रश्न वाचला आणि आधी हसू आलं मग वाईट वाटलं, कारण मागच्या वर्षी ऐन पावसाळ्यात मी ह्याच अवस्थेत होते. पुण्यात सहकारनगरला तीस वर्षं जुनी बिल्डिंग, दुसरा मजला, तुमच्यासारखंच संडास वेगळा आणि बाथरूम वेगळं. जुन्या टाइल्स मी आणि नवऱ्याने शनिवार-रविवार करत छिन्नी-हातोड्याने काढल्या, दुकानदार म्हणाला होता दहा दिवसांत माल येईल, आणि माल आला ४३व्या दिवशी. मी अकाउंट्सचं काम करते, मिस्त्री नाही, तेव्हा जे केलं आणि जे चुकलं तेवढंच सांगते.

दुसऱ्या टाइल्स घेऊ का, तर माझं मत, घेऊ नका. पण त्याआधी एक काम करा, दुकानात जाऊन बिल्टीचा, म्हणजे ट्रान्सपोर्टच्या पावतीचा, नंबर मागा. फोनवर नाही, समोर जाऊन. टाइल्स बहुतेक गुजरातमधल्या मोरबीहून येतात, आणि तिथे कारखान्यात एकेक डिझाइन लॉटने काढतात, तुमच्या १५ बॉक्ससाठी कोणी भट्टी लावत नाही, पुरेशा ऑर्डरी साठल्या की मग ते डिझाइन निघतं. त्यामुळे "गाडी निघालीय ताई, परवा येईल" ह्याला काही अर्थ नसतो. ट्रान्सपोर्टला माल चढला की बिल्टी बनते, बिल्टी नाही म्हणजे गाडीत माल नाही, इतकं सरळ आहे. मला हे कळायला तीन आठवडे गेले, तोवर मी रोज सकाळी फोन करून "हो का, बरं बरं" करत होते. आणि मग कळलं की जन्माष्टमीला तिकडे सातम-आठमची सुट्टी असते, कामगार गावी गेले, म्हणजे आणखी आठवडा गेला. बिल्टी मिळाली तर थांबा. नसेल मिळत आणि तारीखही देत नसतील तर ॲडव्हान्स परत मागा आणि मग शांतपणे दुसरीकडे बघा, पण "आत्ता गोडाउनला जे पडलंय ते" असं घेऊ नका. मला दुकानदाराने मधेच ऑफर दिली होती की अर्धे बॉक्स जुन्या लॉटचे घेऊन जा, शेडमध्ये थोडा फरक आहे, लावल्यावर कळत नाही. कळतं हो. ट्यूबलाइटखाली तर फारच कळतं.

आता आंघोळीचं. तुम्ही लिहिलंय की शेजाऱ्यांकडे जाऊन आंघोळ करताय आणि आई वैतागल्यात. शेजारी चार दिवस चांगले असतात, पुढे त्यांच्या कपाळावर आठी दिसायला लागते. आम्ही ड्राय बाल्कनीत, वॉशिंग मशीनच्या शेजारी, दोन बाजूंनी जाड पडदे लावले, खाली प्लास्टिकचा पाट, आणि बादलीने आंघोळ. सासूबाई म्हणाल्या पूर्वी वाड्यात मोरीतच करायचो, त्यात काय. फक्त तिथल्या आउटलेटचा पाइप बारीक असतो, जाळी बसवा नाहीतर केसांनी तुंबतो आणि पाणी थेट स्वयंपाकघरात येतं. आमच्याकडे आलं.

बाथरूममध्ये आज पहिलं काम काय तर नहाणी ट्रॅपचं, म्हणजे जमिनीतल्या जाळीखालच्या भांड्याचं, तोंड बंद करा. ट्रॅपमध्ये साधारण ५० मिलिमीटर पाणी साठलेलं असतं, ते ड्रेनेजचा वास आणि झुरळं अडवतं. वापर थांबला की हळूहळू ते पाणी आटतं. शिवाय फोडताना खडी-मसाला त्यात जातो तो वेगळाच. पीव्हीसीची एंड कॅप मिळते, रविवार पेठेत बोहरी आळीत किंवा तुमच्या जवळच्या हार्डवेअरमध्ये, ती लावा, कॅप बसत नसेल तर जाड प्लास्टिक आणि वर टेप, पण गोणपाट कोंबू नका, तो आत सरकला तर काढायला वेगळा माणूस बोलवावा लागतो.

मग पाइप. आमच्याकडे भिंतीत जुने जीआयचे, म्हणजे जस्त चढवलेले लोखंडी, पाइप होते, आतून गंजून पेनाच्या रिफिलएवढी वाट उरलेली, म्हणून शॉवरला धार नव्हती आणि आम्ही इतकी वर्षं टाकीला नावं ठेवत होतो. ते काढून सीपीव्हीसी, म्हणजे गरम पाणी सोसणारे प्लास्टिकचे पाइप, टाकले, हे मी स्वतः केलं नाही, प्लंबरने केलं, मी फक्त भिंतीत खाचा मारल्या. इथेच टाइल्स उशिरा येण्याचा मला पहिला फायदा झाला. नेहमी काय होतं, प्लंबर सकाळी पाइप जोडतो आणि मिस्त्री दुपारी त्यावर प्लास्टर मारतो कारण सगळ्यांना पुढच्या साइटवर जायचं असतं. आम्हाला घाई नव्हती. सगळ्या तोंडांना प्लग लावले, एक दिवस जोड सुकू दिले, मग प्लंबरकडून टेस्टिंग पंप लावून घेतला आणि प्रेशर भरून रात्रभर ठेवलं, काटा खाली आला नाही म्हणून तो खुश होऊन गेला. मी तरीही खाचा उघड्याच ठेवल्या, पाणी चालू करून. तिसऱ्या दिवशी गरम पाण्याच्या लाइनीतला एक एल्बो घामेजल्यासारखा दिसला, बोटाला ओल लागली. तो जोड कापून नवीन केला, अर्ध्या तासाचं काम. हेच टाइलच्या मागे झालं असतं तर? तेव्हा खाचा भरायची घाई करू नका, निदान चार-पाच दिवस रोज सकाळी बोट फिरवून बघा.

एक गोष्ट मात्र टाइल हातात असल्याशिवाय करू नका, डायव्हर्टर, म्हणजे पाणी शॉवरकडे की नळाकडे ते वळवणारा भिंतीतला कॉक, फिक्स करणं. त्याच्या बॉडीवर किती खोल बसवायचं त्याच्या खुणा असतात आणि ती खोली टाइलच्या वरच्या पृष्ठभागापासून धरतात, म्हणजे प्लास्टर अधिक ॲडेसिव्ह अधिक टाइलची जाडी. दुकानातून तुमच्या डिझाइनचा एक सॅम्पल तुकडा मागून आणा, देतात, आणि तो भिंतीला धरून माप घ्या. माझ्या जावेकडे डायव्हर्टर इतका आत गेलाय की नॉब फिरवायला नखं वाढवावी लागतात.

आता वॉटरप्रूफिंग, ह्यावर मी जरा जास्त लिहिणारे कारण तुमच्या हातात आत्ता जे तीन आठवडे आहेत ते ह्यासाठीच आहेत. आमच्या खालच्या मजल्यावरच्या काकू गेली सहा वर्षं सांगत होत्या की त्यांच्या बाथरूमच्या स्लॅबला ओलीचा डाग आहे आणि आम्ही सहा वर्षं सांगत होतो की तो बाहेरच्या भिंतीतून पावसाचा येतो. सोसायटीच्या मीटिंगमध्ये दोनदा भांडण झालं होतं.

आम्ही सन्क (बाथरूमखालचा खोलगट स्लॅब, त्यात भर घातलेली असते) पूर्ण उघडला नव्हता, फक्त टाइल आणि खालचा मसाला काढून कोब्यापर्यंत, म्हणजे त्या भरीवरच्या काँक्रीटच्या थरापर्यंत, गेलो होतो. साफ केलं, भेगा भरल्या, भिंत आणि जमीन जिथे मिळते त्या कोपऱ्यांत मसाल्याने गोलाई दिली (आमचा मिस्त्री त्याला वाटा म्हणतो, काटकोनात कोटिंग तडकतं म्हणून करायचं), मसाला आठवडाभर ओला ठेवला, मग तो सुकल्यावर सिमेंट आणि पॉलिमरचं दोन भागांचं कोटिंग असतं त्याचे दोन हात, एक उभा एक आडवा. जमिनीवर पूर्ण, भिंतीवर फूटभर, आणि शॉवरच्या बाजूला डोक्याच्या वरपर्यंत. पावसाळ्यात डब्यावर लिहिलेल्या वेळेत काही सुकत नाही, दुप्पट धरा, पंखा लावून ठेवा.

आणि मग पाणी भरून ठेवायचं. ट्रॅप घट्ट बंद, दरवाज्यात सिमेंटचा छोटा बांध, आणि दोन इंच पाणी ४८ तास. आमचं बाथरूम ४ बाय साडेसहा फूट, त्याला साधारण १२० लिटर लागलं, म्हणजे १५ लिटरच्या आठ बादल्या. गुरुवार धरू नका म्हणजे झालं, पुण्यात दुरुस्तीसाठी बहुधा त्याच दिवशी पाणी बंद ठेवतात, आणि पाणी बंद असलं की टाकी जपून वापरायची असते आणि तुम्ही आठ बादल्या जमिनीवर ओतताय हे सोसायटीत कळलं तर अवघड होईल. भिंतीवर पेन्सिलने पाण्याची रेघ मारा, आणि शेजारी एका सरळ पातेल्यात तेवढंच पाणी भरून ठेवा. उन्हाने-वाऱ्याने जे उडेल ते दोन्हीकडे सारखंच उडणार, त्यामुळे पातेल्यापेक्षा जमिनीवरचं जास्त उतरलं तर ते खाली चाललंय.

आमचं उतरलं. पहिल्या रात्रीतच जवळजवळ बोटभर, आणि सकाळी सातला काकूंचा फोन, "अगं ये बघायला". डाग बरोबर नहाणी ट्रॅपच्या खाली, आणि नेहमीपेक्षा गडद. बाहेरच्या भिंतीचा काही संबंध नव्हता. त्या काही बोलल्या नाहीत, चहा दिला, ते जास्त लागलं. मग ट्रॅपभोवती फूटभर कोबा उघडला, तर ट्रॅप आणि पाइपाच्या जोडाला मूळचीच फट, कोणीतरी तीस वर्षांपूर्वी तिथे नुसता सिमेंटचा गोळा दाबून ठेवला होता. ट्रॅप नवीन बसवला, भोवती नॉन-श्रिंक ग्राउट (सुकताना आकसत नाही असा मसाला) भरलं, परत गोलाई, परत दोन हात, परत आठ बादल्या. दुसऱ्या वेळी पातेलं आणि जमीन सारखं. ह्या सगळ्यात बारा दिवस गेले. टाइल्स वेळेवर आल्या असत्या तर मिस्त्रीने पहिल्याच आठवड्यात त्याच फटीवर छान अँटिस्किड टाइल लावून दिली असती आणि काकूंशी भांडण आणखी सहा वर्षं चाललं असतं.

तुमच्या खालच्यांना आधी सांगून ठेवा, त्यांच्या स्लॅबचा फोटो पाणी भरायच्या आधी आणि नंतर काढा. तळमजल्यावर राहत असाल तर सोडा, तुमचं आयुष्य सोपं आहे.

सामान भरून ठेवायची हौस मात्र करू नका. मी उत्साहात पहिल्याच दिवशी सिमेंटच्या तीन आणि ॲडेसिव्हच्या सहा गोण्या आणून पॅसेजमध्ये भिंतीला टेकवून ठेवल्या. दीड महिन्याच्या दमट हवेत त्यातल्या दोनांचे दगड झाले, तेही खालून, वरून हात लावला तर भुसभुशीत. आणलंच असेल तर फळीवर ठेवा, भिंतीपासून लांब, वरून प्लास्टिक. नाहीतर टाइल्सची बिल्टी आल्यावर आणा, सिमेंट काय कोपऱ्यावर मिळतं.

राडारोडा रविवारी रात्री "नदीकाठी टाकून येतो, तीनशे कमी द्या" म्हणणारा टेम्पोवाला तुम्हालाही भेटेल, त्याला देऊ नका. महापालिकेचा राडारोडा प्रकल्प वाघोलीला आहे, वॉर्ड ऑफिसला विचारून रीतसर पाठवा. गीझरची लाइन इलेक्ट्रिशियनकडूनच, दोन हजार वॉटचा गीझर ९ अँपिअरच्या आसपास घेतो, त्याला वेगळी वायर, वेगळा एमसीबी (जास्त करंट गेला की पडणारा स्विच), अर्थिंग तपासून, आणि ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी (करंट गळला की लाइन तोडणारा स्विच) नसेल तर ह्याच वेळेला बसवून घ्या. ह्यात स्वतः करण्याची मजा शोधू नका.

उरलेल्या संध्याकाळी भिंतीवर टाइल्सचं आखून ठेवा. जमिनीला ट्रॅपकडे उतार असतो, म्हणून खालची पहिली रांग कधीच सरळ येत नाही, दुसऱ्या रांगेच्या खालच्या कडेला ट्यूब लेव्हलने (पाणी भरलेल्या पारदर्शक नळीने) रेघ मारून तिथे लाकडी पट्टी ठोकायची, त्यावरून वर लावत जायचं आणि खालची रांग शेवटी कापून बसवायची. दारातून आत बघितल्यावर समोर अख्खी टाइल दिसेल आणि कापलेला तुकडा दारामागे जाईल असं आखा. दुकानातून पाच-सहा फुटकळ टाइल्स आणून कटर आणि ड्रिलची सवय करा, मी पहिल्या चार फोडल्या. भिंती मी स्वतः लावल्या आणि बऱ्या झाल्यात, एक रांग दोन मिलिमीटर चुकलीय ती फक्त मलाच दिसते. जमीन मात्र मिस्त्रीकडून करून घेतली, उतार चुकला तर रोज वायपर मारत बसावं लागतं, त्यात मला प्रयोग नको होता.

गणपतीच्या आधी व्हावं म्हणून एवढी धडपड होती, ते काही झालं नाही. आमचा दीड दिवसाचा, आलेले आठ पाहुणे ड्राय बाल्कनीत पडद्याआड आंघोळ करून आरतीला बसले, आणि विसर्जनाच्या दुसऱ्या दिवशी टेम्पो आला. माल आला की टेम्पोवाला घाई करेल, करू दे. प्रत्येक बॉक्सवर बॅच आणि शेड नंबर छापलेला असतो, सगळ्यांवर एकच आहे का बघा, कोपरा दबलेले बॉक्स तिथेच उघडा, आणि फुटलेल्या टाइल्स चलनावर लिहून त्याची सही घ्या, मगच जाऊ द्या. मजल्यावर चढवायचे पैसे वेगळे असतात ते आधीच ठरवा, आमच्या हमालांनी १५ बॉक्स पाहून लिफ्ट नाही म्हटल्यावर जो चेहरा केला तो अजून आठवतो.

पण ते पुढचं. आज रात्री झोपायच्या आधी तेवढी ट्रॅपला कॅप लावा, आणि उद्या बिल्टीचं बघा. दुकानदार काय म्हणाला ते खाली लिहा, मी बघते.