फक्कीच्या रेघा पुसण्याआधी

प्रिय मुली,

अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र काल दुपारी दोनदा वाचलं. सोसायटीमागच्या मैदानात चार माणसं मोजणीचं यंत्र घेऊन आली, फक्कीच्या रेघा मारून गेली आणि विचारलं तर ‘वरून आदेश आहे’ एवढंच बोलली. तू फोटो काढून ग्रुपवर टाकलेस, रात्रीपर्यंत सगळे संतापले आणि आता रविवारी मोर्चा काढायचं घाटतंय. ‘काका, काढू का?’ असं तू विचारलंस.

काढ. पण त्याआधी मला एक सांग, ती जागा आहे कसली?

तुम्ही तिला मैदान म्हणता. कागदावर ती काय आहे, हे तुमच्यापैकी एकानेही पाहिलेलं दिसत नाही. विकास आराखड्यात, म्हणजे शहरातली कुठली जागा कशासाठी हे ठरवणाऱ्या नकाशात, क्रीडांगण किंवा उद्यान म्हणून आरक्षित केलेला भूखंड ही एक गोष्ट. तुमच्या रेखांकनाला, म्हणजे जमिनीचे प्लॉट पाडण्याच्या नकाशाला, मंजुरी घेताना सोडावी लागलेली ओपन स्पेस ही अगदी वेगळी गोष्ट. मुंबई वगळता राज्याच्या बहुतेक भागाला 2020 पासून लागू असलेल्या बांधकामाच्या एकत्रित नियमावलीत 0.4 हेक्टर किंवा त्याहून मोठ्या जमिनीच्या रेखांकनात 10 टक्के जागा मोकळी ठेवायची अट आहे आणि त्याआधीच्या नियमांतही अशी अट होतीच. ती जागा रेखांकनातल्या रहिवाशांसाठी असते. शिवाय ती गायरान असू शकते, सरकारी पड असू शकते, किंवा कुणाच्या तरी मालकीची शेतजमीन, जी वीस वर्षं पडून आहे म्हणून तुम्हाला मैदान वाटते. या प्रत्येकाची वाट वेगळी, दार ठोठवायचं ते कार्यालय वेगळं. चुकीच्या दारावर कितीही मोठा मोर्चा नेला तरी आतला माणूस ‘हे आमच्याकडे येत नाही’ म्हणून मोकळा होतो.

म्हणून सोमवारी महापालिकेच्या बांधकाम विकास विभागात जाऊन सर्व्हे नंबर टाकून झोन दाखला, म्हणजे जागा कुठल्या वापरासाठी ठेवली आहे त्याचा कागद, आणि आराखड्यातला तेवढ्या भागाचा नकाशा, म्हणजे भाग नकाशा, माग. सातबारा किंवा प्रॉपर्टी कार्ड काढ. तुमच्या सोसायटीच्या मंजूर रेखांकनाची प्रत अध्यक्षांच्या कपाटात असायला हवी. नसेल तर माहितीच्या अधिकारात अर्ज टाक, दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लागतो आणि 30 दिवसांत उत्तर द्यावं लागतं. मोजणी कुणी मागितली होती, हे भूमी अभिलेख कार्यालयात विचार. आणि प्रत्येक अर्जाची पोच घे. शिक्का, तारीख, आवक क्रमांक. पोच नसलेला अर्ज दिलाच नव्हता असं समज.

हे मी इतक्या आग्रहाने का सांगतोय, ते ऐक. मी आयुष्यभर नकाशे काढण्याचं काम केलं. आरेखक होतो. तरीही आमच्या वसाहतीसमोरचा पहिला भूखंड आमच्या डोळ्यांदेखत गेला. त्यावर क्रीडांगणाचं आरक्षण होतं, ते उठवायचा प्रस्ताव आला. महाराष्ट्र प्रादेशिक व नगर रचना अधिनियम, 1966 च्या कलम 37 खाली आराखड्यात असा फेरबदल करता येतो, पण तो करण्याआधी सूचना प्रसिद्ध करून हरकती मागवाव्या लागतात. त्याला मुदत असते एक महिना. सूचना प्रसिद्ध झाली होती, वर्तमानपत्रात, निविदांच्या आणि हरवलेल्या गुणपत्रिकांच्या जाहिरातींच्या शेजारी. माझ्या घरी ते वर्तमानपत्र येत होतं. मी ते वाचून रद्दीत टाकलं. आम्हाला कळलं तेव्हा मुदत उलटून दहा-बारा दिवस झाले होते. एकही हरकत आलेली नाही, अशी नोंद त्या फाइलवर गेली आणि ती खरी होती. आज तिथे सात मजली इमारत आहे. त्या इमारतीतली माणसं चांगली आहेत, त्यांच्यावर माझा राग नाही. पण त्यांची मुलं क्रिकेट खेळायला पार्किंगमध्ये जातात आणि वॉचमन त्यांना हाकलतो, हे मी रोज गॅलरीतून बघतो.

मोकळी जागा बहुतेकदा अशीच जाते, आरडाओरडा न होता. बुलडोझर फार उशिरा येतो. त्याच्या आधी एक महिना असतो, एक सूचना असते, एक सुनावणी असते आणि त्या दिवशी समोरच्या खुर्च्या रिकाम्या असतात.

त्याच कायद्याचं आणखी एक कलम लक्षात ठेव, 127. आराखडा अंतिम होऊन दहा वर्षं झाली आणि तरी आरक्षित जागा ताब्यात घेतली नाही, तर मालक नोटीस देऊ शकतो. आपल्याकडे तिला खरेदी सूचना म्हणतात. त्यानंतरच्या मुदतीत, जी पूर्वी सहा महिन्यांची होती आणि आता 24 महिन्यांची आहे, भूसंपादनाची पावलं उचलली नाहीत तर आरक्षण व्यपगत होतं, आपोआप संपतं. म्हणजे कुणी काही वाईट न करता, केवळ कुणी काहीच न केल्याने मैदान जातं. तुमच्या जागेवर अशी नोटीस आली आहे का, हे सगळ्यात आधी विचार. आली असेल तर तुमचं भांडण मालकाशी नाही, अंदाजपत्रकाशी आहे. संपादनासाठी तरतूद करा, ही मागणी घेऊन आयुक्तांकडे आणि लोकप्रतिनिधीकडे जायचं.

आणि मालकाला शत्रू ठरवू नकोस. पुण्यात 1997 साली 23 गावं महापालिकेत आली, त्यांच्या हद्दीतल्या टेकड्यांवर 978 हेक्टरचं जैववैविध्य उद्यानाचं आरक्षण, ज्याला सगळे बीडीपी म्हणतात, ते नागरिकांनी सह्या गोळा करत, हरकती लिहीत, वर्षानुवर्षं लावून धरलं. राज्य सरकारने ते 2015 साली कायम केलं. टेकड्या वाचल्या पाहिजेत याबद्दल माझ्या मनात तिळमात्र शंका नाही. पण त्या टेकडीच्या उतारावर ज्याचं वडिलोपार्जित वावर आहे, त्याला ना विकता येतं ना बांधता येतं आणि मोबदल्याचा प्रश्न वर्षानुवर्षं लोंबकळत राहतो. त्याला योग्य मोबदला द्या, हे आपण मागितलं नाही तर तो उद्या बिल्डरच्या बाजूला जाऊन उभा राहील आणि त्याला दोष देता येणार नाही.

आता कुणीतरी तुम्हाला विचारेलच, ‘जागा तुमच्या नावावर आहे का? मग तुमचा काय संबंध?’ या प्रश्नाने भलेभले गांगरतात. तुला एक निकाल सांगून ठेवतो. बेंगळुरूत राजमहल विलास विस्तारात उद्यानासाठी राखलेली जागा 1976 साली एका खासगी ट्रस्टला रुग्णालय बांधायला दिली गेली. रहिवासी कोर्टात गेले. उच्च न्यायालयात आधी हरले, मग अपिलात जिंकले आणि 1991 साली सर्वोच्च न्यायालयाने ते मान्य केलं. बेंगलोर मेडिकल ट्रस्ट विरुद्ध मुद्दप्पा या नावाने तो निकाल ओळखला जातो. उद्यानासाठी राखलेली जागा खासगी रुग्णालयाला देता येत नाही आणि ती वाचवण्यासाठी दाद मागायचा हक्क तिथल्या रहिवाशांना आहे, असं न्यायालयाने म्हटलं. तुमच्या वकिलाला हा निकाल माहीत असणारच, पण तुलाही माहीत असू दे. माहीत असलं की आवाज कापत नाही.

कोर्ट मात्र हाताशी ठेव, त्यावर सगळी भिस्त टाकू नकोस. मुंबईतल्या आरेचं आठव, जिथे मेट्रोच्या कारशेडसाठी झाडं तोडायची होती. ऑक्टोबर 2019 मध्ये उच्च न्यायालयाने याचिका फेटाळल्या आणि त्याच रात्री झाडं तोडायला सुरुवात झाली. तीन दिवसांनी सर्वोच्च न्यायालयाने तोड थांबवली, तोवर 2,141 झाडं गेली होती. तुमच्या मैदानाच्या कडेला कडुलिंब आहेत असं तू लिहिलंस. ते आजच मोज, प्रत्येकाचा बुंधा मोजून तारखेसह फोटो काढून ठेव. झाडं तोडायची असतील तर झाडांवर सूचना लावावी लागते आणि हरकतीला दिवस मिळतात अवघे सात. सकाळी दूध आणायला जाणाऱ्याने बुंध्यांकडे नजर टाकत जायचं, एवढं काम वाटून द्या.

आमचा दुसरा भूखंड वाचला, तो का वाचला ते सांगतो. कागद आम्ही या वेळी वेळेत काढले होतेच. पण सुनावणीत समोरून मुद्दा आला की जागा वापरात नाही, कचरा पडतो, रात्री दारू पितात, मग विकास झालेला काय वाईट? तेव्हा आमच्यातल्या एक आजी उठल्या. त्यांनी महिनाभर दोनशेपानी वहीत रोज नोंदी केल्या होत्या. पहाटे साडेपाचला दोन वॉचमन व्यायाम करतात. सातला शाळेच्या रिक्षाची वाट बघणारी मुलं. दुपारी पलीकडच्या वस्तीतल्या बायका कुरडया वाळत घालतात. चारला लगोरी, पाचपासून क्रिकेटच्या तीन टीम एकमेकींत घुसून खेळतात. रविवारी एक वडील मुलीला सायकल शिकवतात, पडली की दोघं हसतात, हेही लिहिलेलं. त्या वाचत गेल्या आणि अधिकाऱ्याने त्यांना थांबवलं नाही. ती वही फाइलला जोडली गेली. ‘वापरात नाही’ हा मुद्दा पुन्हा कुणी काढला नाही.

तेव्हा तुझ्या मोर्च्याच्या तयारीइतकंच महत्त्वाचं काम म्हणजे त्या मैदानावर रोज माणसं असणं. आणि माणसं म्हणजे फक्त तुमच्या सोसायटीची नव्हेत. पलीकडच्या वस्तीत जा. तिथल्या मुलांचं दुसरं कुठलंही मैदान नाही, जिमखाना नाही, क्लब नाही. त्यांचं तुमच्यापेक्षा जास्त जाणार आहे. त्यांच्याकडून नुसती सही मागू नकोस, त्यांच्यातली दोन माणसं समितीत घे. गणेश मंडळाच्या पोरांना घे, त्यांना मांडव घालायची परवानगी काढता येते म्हणजे त्यांना कार्यालयं तुझ्यापेक्षा जास्त ठाऊक आहेत. झेंडा मात्र कुणाचाच लावू देऊ नकोस, सगळ्या पक्षांना बोलाव.

हरकती लिहाल तेव्हा एकाच मजकुराच्या तीनशे झेरॉक्स देऊ नका. त्या एक हरकत म्हणून बाजूला ठेवल्या जातात. ज्याने त्याने आपल्या शब्दांत चार ओळी लिहायच्या, ज्याला लिहिता येत नाही त्याच्यासाठी शेजाऱ्याने लिहायच्या आणि ज्याने हरकत दिली त्याने सुनावणीला स्वतः हजर राहायचं. 2015 च्या फेब्रुवारीत मुंबईचा प्रारूप विकास आराखडा आला तेव्हा लोकांनी आपापल्या वॉर्डाचा नकाशा पसरून बसून चुका शोधल्या. तक्रारींचा एवढा ढीग झाला की एप्रिलमध्ये तो आराखडाच रद्द करून नव्याने करायला सांगावं लागलं. नकाशा वाचणं कठीण नाही. आपली गल्ली शोधायची आणि तिथून बोट पुढे न्यायचं.

एक गोष्ट तुला आवडणार नाही, तरी लिहितो. जागा वाचली की पुढचा धोका आपल्याच माणसांकडून असतो. कुणी म्हणेल छोटंसं मंदिर बांधू, कुणी ज्येष्ठांसाठी शेड, कुणी वाचनालय. मग कंपाउंड, मग कुलूप, मग ‘बाहेरच्यांना प्रवेश नाही’. मुंबईत सांभाळायला म्हणून दिलेल्या मैदानांवर क्लब उभे राहिले आणि सामान्य माणूस फाटकाबाहेर राहिला. आमच्याकडेही पेव्हर ब्लॉक टाकायची टूम निघाली होती, माझे दोन जुने मित्र त्यावरून माझ्याशी वर्षभर बोलले नाहीत. मला त्याचं फार वाईट वाटलं, पण माती राहिली. पहिल्याच बैठकीत ठराव करून घ्या की इथे पक्कं काहीही बांधायचं नाही आणि फाटकाला कुलूप लावायचं नाही. जिंकल्यावर हा ठराव होत नाही.

मोर्चा पंधरा दिवस पुढे ढकल. तोवर फक्कीच्या रेघांचे फोटो काढून, त्यांची लांबी टेपने मोजून ठेव, पाऊस आला तर पुसल्या जातील. भाग नकाशा आणि रेखांकन दोन्ही हातात आलं की गुरुवारी संध्याकाळी घरी ये, काकूला आधी फोन कर. दोन्ही एकाच प्रमाणात मोठे करून आण, पातळ कागदावर. खिडकीच्या काचेवर एकावर एक धरून बघू, रेघा कुठून कुठे गेल्यात ते.

तुझा,
काका